अठरा व्होल्ट दिले की गिटार पेडल ‘मोकळं’ वाजतं?

गिटारवाल्यांत एक सल्ला सतत फिरतो: ९ व्होल्टच्या पेडलला (आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डबीला) १८ द्या, हेडरूम (सिग्नल कापला न जाता वाढायला असलेली जागा) दुप्पट होते, आवाज मोकळा होतो, आतली आयसी (चिप) तर ३६ व्होल्ट झेलते, त्यामुळे बिघडायचा प्रश्नच नाही. यातलं हेडरूमचं काही पेडलपुरतंच खरं, आणि आयसीचं अर्धंच.

आधी हेडरूम. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये सिग्नल कापतात ते ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) फीडबॅकमधले, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवरचे, सिलिकॉन डायोड, साधारण ०.६ व्होल्टला. ९ व्होल्टवरही ४५५८ ला (त्यातल्या ऑप-ॲम्पला) वर-खाली तीनेक व्होल्ट जागा असतेच. छत डायोडनं घातलंय. वर मजला चढवून खालच्या खोलीची उंची कशी वाढेल? डायोड नसलेल्या क्लीन बूस्टमध्ये (आवाज न बिघडवता फक्त वाढवणाऱ्या पेडलमध्ये) मात्र सप्लाय हेच छत असतं, तिथे फरक खरोखर ऐकू येतो.

आता ‘आयसी झेलते’ हा दावा. ४५५८ किंवा टीएल०७२ हे ऑप-ॲम्प झेलतील, पण सप्लायवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बऱ्याचदा १६ व्होल्टचा असतो. तो फुगू शकतो, गळू शकतो. क्लॉन या महागड्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नकलांत अनेकदा मॅक्स१०४४ हा चार्ज पंप (आतल्या आत व्होल्टेज वाढवणारी किंवा उलटवणारी चिप) असतो. त्याची मर्यादा १०.५ व्होल्ट, १८ लावले की गेलाच म्हणायचा.

पीटी२३९९ चिपवाल्या डिलेमध्ये (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलमध्ये) तर गंमतच आहे. ही चिप ५ व्होल्टवर चालते, तिच्याआधी ७८एल०५ हा व्होल्टेज पाचवर बांधून ठेवणारा रेग्युलेटर. १८ दिले तरी तिला पाचच मिळणार. चिप २० मिलिअँपियर ओढते असं धरलं तर रेग्युलेटरवर ९ व्होल्टला जळणाऱ्या ८० मिलिवॉटऐवजी २६० जळतात. म्हणजे विकत घेतली ती फक्त उष्णता.

‘जास्त व्होल्ट म्हणजे चांगला आवाज’ हे फझवाले (खरखरीत, फाटका आवाज देणारं पेडल वापरणारे) तर ऐकूनच घेणार नाहीत. ते बॅटरी उतरल्यासारखा तुटक आवाज मिळावा म्हणून मुद्दाम ६-७ व्होल्टवर येतात. (मिलिअँपियर जास्त असलेल्या ॲडॉप्टरला मात्र घाबरू नका; पेडल हवे तेवढेच ओढतं.)

तरीही १८ द्यायचेच असतील तर आधी निर्मात्यानं ९–१८ लिहिलंय का बघा. नसेल तर मागचं झाकण काढून कपॅसिटरवरचे आकडे आणि चार्ज पंपचा नंबर वाचा. ॲडॉप्टरही मोजा: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब प्लगच्या भोकात, लाल बाहेरच्या नळीला. आकडा उणे आला तर पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) उलटी आहे, बहुतेक पेडलना तो लावू नका. ‘९ व्होल्ट’ लिहिलेला जुन्या पद्धतीचा, रेग्युलेटर नसलेला ॲडॉप्टर काही न जोडता मोजला तर १२-१३ दाखवतो, आणि चार्ज पंपची १०.५ ची मर्यादा तिथेच ओलांडली जाते.