मे महिन्यातला टँकर सगळ्यांना दिसतो, जुलैतला नळ कोण बघतं?

उन्हाळा आला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या बातम्या ठरलेल्या असतात. हंड्यांची रांग, टँकर, तळ दिसणारी विहीर आणि खाली ओळ: तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही कोकण तहानलेलं. खोटं नाही ते. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, नद्या आखूड, उतार थेट समुद्राकडे. कोयनेचं अवजल वीज करून झाल्यावर वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं, ते आपण पिढ्यानपिढ्या बघतोय. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल बोलायचंय, कारण त्यावर कोणी बोलतच नाही.

जूनच्या मध्यावर विहिरी काठोकाठ भरल्या की गावाच्या लेखी पाणीप्रश्न संपतो. टँकरबिंकर ठरवणाऱ्या सरकारी टंचाई आराखड्याची मुदतही जूनपर्यंतच. आणि नेमकं तेव्हाच पाणी पिण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट असतं. ज्या भोकाभोकांच्या जांभ्यातून पाऊस सरसर खाली जातो, त्याच जांभ्यातून शौचालयाच्या खड्ड्यातलं आणि गोठ्याच्या कडेचंही पाणी जातं. वाळूमातीत निदान थोडं गाळलं तरी जातं. कातळाच्या भेगेत गाळणार कोण? हगणदारीमुक्तीच्या वेळी घराघरात शौचालयं झाली, चांगलंच झालं. पण खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे फार थोड्या ठिकाणी कोणी बघितलं.

उपाय काही रॉकेट उडवण्याचा नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी, करायची. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलाय. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. एवढंच. पण आपल्या हवेत उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात गोळा होऊन बसते, तिच्यातला क्लोरीन उडून जातो, आणि मग ती टाकली काय, न टाकली काय. शिवाय पाणी गढूळ असेल तर नेहमीचा डोस त्या गढुळातच खर्ची पडतो. आमच्याकडे मी पोतं पंचायतीच्या पडवीत, ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेलं पाहिलंय. रजिस्टरमध्ये मात्र रोजची नोंद, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, महिनाभराची.

त्या नोंदी करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पाणी सोडणारा हा गावातला सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस. पंप खाली पऱ्याकाठी (ओढ्याकाठी), टाकी वर सड्यावर (कातळाच्या माळावर), वाड्या चार दिशांना. वीज गेली की त्याला फोन, पाईप फुटला की त्याला फोन. कुठल्या वाडीला आधी पाणी सोडायचं यावरून भांडण झालं तरी त्यालाच फोन. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ. मुदत आता २०२८ पर्यंत वाढली. पाईप आले, टाक्या आल्या, कोनशिला तर आल्याच. योजना ताब्यात घेताना, ती चालवणाऱ्या माणसाचा पगार कुठून येणार हे किती ग्रामसभांनी विचारलं? उत्तर एकच आहे, पाणीपट्टी. आणि पाणीपट्टी वाढवायची म्हटलं की 'नको' म्हणण्यावर सगळ्या पक्षांचं एकमत होतं.

इथे चाकरमान्यांचा, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचा विषय येतोच. (मुंबईकर भावंडांनो, रागावू नका, माझीही अर्धी आळी तिकडेच आहे.) योजनेचा हिशोब होतो जनगणनेतल्या माणसांवर. गणपतीत आणि मे महिन्यात गाव फुगतं, दारात गाड्या धुतल्या जातात, पंप दिवसभर चालूनही वरच्या वाडीला पाणी चढत नाही. उरलेले महिने घराला कुलूप, म्हणून पट्टी थकलेली. "आम्ही राहतच नाही तर भरायचं कशाला?" अहो, तुम्ही नसलात तरी पंप असतो, वीजबिल असतं, माणूस असतो.

आता खाली कोणीतरी "घरी आरओ बसवा" लिहिणार, म्हणून आधीच सांगतो. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. खाडीकाठी जिथे मचूळ पाणी लागतं तिथे आरओची गोष्ट वेगळी. बाकी ठिकाणी बराच भाग मोरीत सोडून देणारं यंत्र घ्यायचं, तेही एप्रिलमध्ये पाण्यासाठी भांडणाऱ्या गावात? आपला त्रास जंतूंचा आहे. त्याला क्लोरीन पुरतो, आणि जुलैत शंका असेल तर पाणी उकळा.

आंब्याच्या फवारण्यांचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. गावच्या तपासणी किटमध्ये क्लोराईड, लोह, नायट्रेट, गढूळपणा कळतो, जंतूंसाठीची बाटली काळी पडली की तेही कळतं. कीटकनाशक कळत नाही. बागेच्या उतारावरच्या विहिरींचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने त्यासाठी वेगळं तपासून घ्यावं, अशी मागणी आपणच लावून धरायला हवी.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी आरोग्य खात्याने आपल्या पंचायतीला पिण्याच्या पाण्याबद्दल दिलेलं कार्ड दाखवायला सांगणार आहे. लाल, पिवळं की हिरवं, ते वर्षातून दोनदा ठरतं आणि कपाटात जाऊन पडतं. ते नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे. पाणी सोडणाऱ्याच्या पगाराचा विषयही लेखी देतोय. बंद घरांची थकबाकी वाडीनिहाय वाचून दाखवा, असंही म्हणणार आहे; त्यात माझ्या चुलत्यांचं घर निघणार, ते माहीत आहे. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी निदान गणपतीला निघण्याआधी पट्टी भरून टाका, पावती इथे टाकलीत तरी चालेल.