पाकिटातलं ‘प्लास्टिक’, ‘६३१’ आणि घरची कढई

दर काही महिन्यांनी एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागतो. सोबत व्हिडिओ असतो: कुणीतरी मक्याच्या कुरकुरीत कांडीला काडी लावतं, ती भुरभुर पेटते, काळे थेंब गळतात. खालचा मजकूर साधारण असा: यात प्लास्टिक आहे, पाकिटात विषारी गॅस भरलेला असतो, ६३१ म्हणजे डुकराची चरबी, ‘ई’ आकड्यांची सगळी रसायनं कॅन्सर करतात, रंगांमुळे मुलं एका जागी बसत नाहीत, म्हणून पाकीट फेका आणि घरी तळून पोटभर खाऊ घाला, घरच्यात केमिकल नसतं.

लोक तो मुलांच्या काळजीपोटी पुढे पाठवतात आणि ती काळजी रास्त आहे. पण या सहा दाव्यांपैकी पहिले चार चुकीचे आहेत, पाचवा अर्धा खरा आहे, आणि सहावा सगळ्यात महागात पडणारा आहे. जे धोके खरे आहेत, त्यांच्यातला एकही या संदेशात धड आलेला नाही.

‘जळतं, म्हणजे प्लास्टिक’

हा निकष लावला तर काजूही प्लास्टिक ठरेल. सुईला काजू खोचून काडी लावा, मेणबत्तीसारखा जळतो. पापड जळतो, सुकं खोबरं जळतं. मक्याच्या कांडीत मक्याचा रवा, तांदळाचं पीठ, बेसन असं असतं. एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात हे ओलसर मिश्रण दाबाखाली तापतं आणि बारीक भोकातून बाहेर पडताच त्यातल्या पाण्याची एकदम वाफ होऊन फुगतं. लाही फुटते तीच ही गोष्ट. मग ती कांडी तळतात किंवा तिच्यावर तेल-मसाला फवारतात. आत हवेची भोकं आणि त्यांत मुरलेलं तेल, म्हणजे दिव्याची वातच झाली. गळतात ते थेंब तेलाचे.

घरी तपासायचं असेल तर काडी नको, पाणी घ्या. कांडी वाटीभर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बोटाने दाबली की लगदा होतो. त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, डाग निळा-काळा पडतो, हे स्टार्च. शेजारी पिशवीचा तुकडा तसाच भिजत ठेवा. तो ना मऊ पडेल, ना निळा होईल. (तपासलेली कांडी अर्थातच फेकून द्यायची.)

‘पाकिटात विषारी गॅस’

तो नायट्रोजन. आपण घेतो त्या श्वासात तो ७८ टक्के असतो. पाकिटातला ऑक्सिजन काढून तो भरतात, कारण तेलाला खवट वास येतो तो ऑक्सिजनमुळे. शिवाय फुगलेल्या पाकिटात वेफर्सचा चुरा होत नाही.

‘६३१ म्हणजे डुकराची चरबी’

आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक; ‘ई’ आकडे त्यांचेच युरोपी रूप. आयएनएस ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. चव गडद करणारा हा पदार्थ बहुतेक वेळा ६२७ या दुसऱ्या चव वाढवणाऱ्या पदार्थाच्या जोडीने वापरतात, आणि दोन्ही मिळून ६३५. तो चरबी नव्हे, चरबीपासून होतही नाही. मासळी किंवा मांसापासून करता येतो हे खरं. तसाच टॅपिओकाच्या स्टार्चपासून किंवा साखरेपासून आंबवूनही करतात. नुसत्या आकड्यावरून कुठला ते कळत नाही. शाकाहारी माणसाची शंका म्हणूनच गैर नाही, आणि डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच पदार्थाचा उल्लेख करून घटकांचं मूळ, वनस्पती की प्राणी, स्पष्ट करायला सांगितलं होतं. आपल्याकडे पाकिटावर चौकटीत हिरवा ठिपका असेल तर ‘दूध, मध असे ठरलेले अपवाद सोडले तर यात प्राणिज काही नाही’ असं उत्पादकाने कायद्याने लिहून दिलेलं असतं. मांसाहारी चिन्ह आता तपकिरी त्रिकोण आहे, रंग ओळखू न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून. आकडा पाठ करत बसण्यापेक्षा हे चिन्ह पाहा.

‘ई आकडे म्हणजे कॅन्सर’

हे नुसते अनुक्रमांक आहेत. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ५०० म्हणजे सोडा, त्यातलाच ५००(२) हा आपला खायचा सोडा. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. १६०-सी हा मिरचीतून काढलेला लाल रंग.

संदेशात सगळ्यात जास्त भीती घातलेली असते ती ३१९ ची, म्हणजे टीबीएचक्यूची. ‘पेट्रोलपासून बनतं’ म्हणून. तेल खवट होऊ नये यासाठी ते घालतात आणि एक किलो तेल-तुपामागे २०० मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. आता हिशेब करा. ५० ग्रॅम वेफर्समध्ये ३५ टक्के तेल धरलं तर साडेसतरा ग्रॅम तेल, आणि त्यात जास्तीत जास्त साडेतीन मिलिग्रॅम टीबीएचक्यू. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला १४ मिलिग्रॅम, तेव्हा ही मर्यादा गाठायला रोज चार पाकिटं लागतील.

पण त्याच चार पाकिटांत आणखी काय जातं ते पाहा, कारण खरा धोका तिथे आहे. तेल ७० ग्रॅम. पाकिटाच्या तक्त्यात मोठ्या माणसाच्या पूर्ण दिवसाच्या स्निग्धांशाचा आधार ६७ ग्रॅम धरलेला असतो. १०० ग्रॅमला ७०० मिलिग्रॅम सोडियम छापलेलं असेल तर चार पाकिटांत १४०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं: साडेतीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगितलंय, मुलांना त्याहून कमी. पाकीट मुलाच्या हातात देताना वाचायच्या त्या या दोन ओळी, सोडियम आणि एकूण स्निग्धांश. आकडे बहुतेकदा १०० ग्रॅमला दिलेले असतात, पाकीट ३०चं असो की ९०चं, तेव्हा वजनाने गुणायला विसरू नका.

‘रंगांनी मुलं चंचल होतात’

यात तथ्य आहे. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) मिसळलेलं पेय दिलं, तेव्हा चंचलपणात थोडी वाढ दिसली. सगळ्या मुलांमध्ये नाही, पण दिसली. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपात टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०) यांच्यासह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते.

संदेश चुकतो तो दुसरीकडेच बोट दाखवून. छापील पाकिटावर रंगाचा आकडा वाचता तरी येतो. शाळेबाहेर सुटे मिळणारे भडक गुलाबी-पिवळे पोंगे, नळ्या, बोटात घालायच्या रिंगा यांवर काहीच छापलेलं नसतं आणि खाद्यपदार्थांत मनाई असलेले मेटॅनिल यलो, ऱ्होडामाइन-बी असे कापडाचे रंग सापडतात ते अशाच सुट्या मालात. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने कॉटन कँडीवर कारवाई केली ती ऱ्होडामाइन-बी सापडल्यामुळेच. घरी पोंगे तळायचेच असतील तर बिनरंगाचे, पांढरे घ्या.

‘घरी तळा, घरच्यात केमिकल नसतं’

इथे थांबायला हवं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बटाटा, मैदा असे पदार्थ साधारण १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. ते कुणी घालत नाही. बटाट्यातलं अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा यांच्यातून ते होतं, ज्या क्रियेने खमंग तपकिरी रंग येतो त्याच क्रियेत. प्राण्यांवरील प्रयोगांमुळे ते ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे; आहारातून जाणाऱ्या मात्रेबाबत माणसांवरच्या अभ्यासांतून ठाम निष्कर्ष निघालेला नाही. युरोपात बटाटा वेफर्ससाठी किलोला ७५० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी आहे आणि कारखाने त्यासाठी बटाट्याचं वाणही निवडून घेतात. कुफरी चिपसोना हे वाण साखर कमी असावी म्हणूनच काढलं. आपल्या घरच्या कढईला असा कुणी तपासनीस नाही.

बाजारातला खायचा बटाटा बरेचदा २ ते ४ अंशांच्या शीतगृहातून येतो. तिथे त्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि तळला की कडेने झपाट्याने लाल होतो. आपण त्याला ‘छान खरपूस’ म्हणतो. तळायच्या बटाट्याला फ्रिज नको. टोपलीत, अंधारात ठेवा. हिरवी झाक किंवा कोंब आलेला घेऊ नका.

वेफर्स करायचेच तर काप दीड मिलिमीटरचे, सगळे सारखे. जाड-पातळ झाले की पातळ जळेपर्यंत जाड कच्चेच राहतात. पाणी निवळ होईपर्यंत दोन-तीनदा धुवा. मग गरम पाण्यात, उकळी न आणता, तीन मिनिटं ठेवून पाणी फेका. साखर त्या पाण्याबरोबर जाते. उन्हाळ्यात वाळवणाचे वेफर्स करताना काप आधी उकळत्या पाण्यातून काढतात, तिथेही हेच घडतं. काप कापडावर कोरडे करा. तेल १६५ ते १७० अंश, १७५ च्या वर नाही. थर्मामीटर नसेल तर एक काप टाका: बारीक बुडबुडे येत तो सावकाश वर आला तर ठीक, टाकताक्षणी कडा तांबूस झाल्या तर आच कमी करा. एका वेळी मूठभरच. जास्त टाकले की तेल थंड पडतं, आणि थंड तेलात काप तेल पितात. पिवळसर झाले, बुडबुडे थांबत आले की काढा. तपकिरी झालेले वेचून टाका, चुरा करून चिवड्यात घालू नका. आणि हे लक्षात असू द्या की घरच्या वेफर्समध्येही तेल तेवढंच असतं.

दुसरी गोष्ट कढईतल्या उरलेल्या तेलाची. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात जे खराब घटक साठतात, त्यांची (टोटल पोलर कंपाउंड्सची) मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २५ टक्के ठरवलीय, जुलै २०१८ पासून. त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. घरासाठी सल्ला आहे की पुन्हा तापवणं टाळा, फार तर तीनदा. दिवाळीचं तेल पुढे महिनाभर पुऱ्यांना वापरणं, कमी पडलं की त्यातच नवं ओतणं, ही सवय मोडायला हवी. जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. न बसणारा फेस, कमी आचेवरच धूर, बोटाला चिकटपणा, ही तेल टाकून द्यायची खूण. मोठ्या कढईऐवजी लहान खोल कढईत अर्धा लिटर तेल घ्या. आधी स्वच्छ पदार्थ तळा, बेसनाचे आणि मसाल्याचे शेवटी, कारण त्यांचा गाळ तळाशी करपतो. गार झालं की मलमलने गाळा आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा.

तिसरी गोष्ट शेंगदाणे. दमट जागी ठेवलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यापासून अ‍ॅफ्लाटॉक्सिन होतं. ते यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, आणि दाणे भाजून पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, हिरवट, कडू लागणारे दाणे हातावर घेऊन निवडा. भाजून सोलल्यावर पुन्हा एकदा पाहा, कारण डाग सालीखाली दडतो. पाकिटातल्या सगळ्या ‘ई’ आकड्यांपेक्षा ही पाच मिनिटं आम्हाला जास्त मोलाची वाटतात.

मग घरी करायचं तर काय? पातळ पोह्यांचा भाजका चिवडा. पाव किलो पोहे, ७५ ग्रॅम दाणे, ५० ग्रॅम डाळं, तीन मोठे चमचे तेल, पाचसहा हिरव्या मिरच्या, वीसेक कढीपत्त्याची पानं, अर्धा छोटा चमचा हळद, एक छोटा चमचा पिठीसाखर, आणि मीठ पाऊण छोटा चमचा, सपाट. पोहे चाळा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, उलथन्याने खालून वर करत भाजा. चिमटीत धरून चुरा झाला पाहिजे, रंग पांढराच राहिला पाहिजे. आच मोठी झाली की पोहे आक्रसतात आणि आतून वातड राहतात. पोहे काढून तेलात दाणे, मग मिरची आणि कढीपत्ता. दोन्ही इतके कुरकुरीत होऊ द्या की तडतड थांबेल. पाण्याचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी चिवडा सादळतो. डाळं घाला, गॅस बंद करा आणि मगच हळद; आधी घातली तर करपून कडवट होते. मीठ-साखर पोह्यांवर भुरभुरवा आणि फोडणीत हलक्या हाताने कालवा.

साधारण सव्वाचारशे ग्रॅम होतो. १०० ग्रॅममागे दाण्यांच्या तेलासकट स्निग्धांश १९ ग्रॅमच्या आसपास, सोडियम चारशे मिलिग्रॅमच्या आत. मीठ दीड चमचा घातलंत, तर हाच चिवडा सोडियमच्या बाबतीत पाकिटाला गाठतो.

रोजच्या डब्याला ज्वारीच्या लाह्या, मखाणे, फुटाणे आहेतच. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे दाणे आणि फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. भरड कूट करून द्या. चिवडा परातीत पसरून पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरू नका. कोमट भरला तर झाकणाखाली वाफ धरते, आणि पहिला सादळतो तो वरचा थर.