घर बघायला दसरा नव्हे, आषाढ-श्रावण

‘दसरा-दिवाळी हाच घर घेण्याचा उत्तम काळ’ हे विधान नव्या प्रकल्पांपुरतं ठीक आहे. जुना फ्लॅट घेणाऱ्याची मात्र त्याने दिशाभूल होते. दिवाळीपर्यंत भिंती वाळतात, पुट्टी आणि रंग लागतो, आणि गळतीचा माग उरत नाही. फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर बघा. मुंबई-कोकणात पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम-दक्षिणेच्या भिंती आधी तपासा. खिडकीच्या खालचे कोपरे, कपाटामागची भिंत, बाथरूमच्या पलीकडची बाजू, वरच्या घराच्या संडास-बाथरूमखालचं छत हेही पाहा. पांढरा लोणा (भिंतीवर फुटलेले क्षार) किंवा पोपडे दिसले तर ओल जुनी आहे. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचाराच. छतावर सळईच्या रेषेत तडे असतील तर नुसत्या वॉटरप्रूफिंगने भागणार नाही. इमारत १५ वर्षांहून जुनी असल्यास सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागा.

दुसरं, मार्चअखेरची घाई. रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्क ज्यावर ठरतं त्या सरकारी दरतक्त्याचे) नवे दर साधारणपणे १ एप्रिलला लागू होतात, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात तेव्हा झुंबड असते. पण मुद्रांक शुल्क भरून ३१ मार्चपूर्वी करारावर सह्या झाल्या, तर नोंदणीला ४ महिने मिळतात. २०२० मध्ये मुद्रांक शुल्कातली सर्वांत मोठी सवलत डिसेंबरअखेर संपत होती, तेव्हाही अनेकांनी हाच मार्ग घेतला. तारखेच्या धाकाने टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) उरकू नका. आणि पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं, भाव करायचा तर तेव्हा करा.