‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी’ : ‘जुना श्रोता’ यांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. ‘धन्यवाद, मतभेद मान्य’ असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही इतकं मनापासून झोडपलंय की तेवढ्यावर भागवणं बरं दिसलं नसतं. शिवाय तुमचं निम्मं म्हणणं मला पटलंय. ते कुठलं निम्मं, हे सांगायला जरा जागा लागेल.

इतरांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘हॅकनी डायमंड्स’ या २० ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या अल्बमबद्दल, तो यायच्या आधी, लिहिलं होतं. शेवटी त्याच्या आवृत्त्यांची यादी देऊन ‘यातल्या तीन तरी घ्याव्यात म्हणतोय’ असं म्हटलं होतं. त्यावर ‘जुना श्रोता’ लिहितात की ऐंशीच्या घरातले तीन म्हातारे बारा गाणी वीस कव्हरांत घालून विकतायत आणि तुमच्यासारखे लोक त्यांची फुकट दलाली करतायत. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्याने वाजवलेल्या दोन गाण्यांची दवंडी पिटणं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. फोनवर महिन्याला शंभर-सव्वाशेत सगळं ऐकायला मिळत असताना तीन आवृत्त्यांवर चौदा हजार घालवणं हे प्रेम नाही, शोबाजी आहे. त्या पैशात सवाई गंधर्व महोत्सवाची तिकिटं निघून वर जेवणखाण झालं असतं. आणि शेवटी: ‘माझ्याकडे १९७८ ची “सम गर्ल्स” अजून आहे. काकांनी लंडनहून आणलेली. तेव्हा एकच आवृत्ती असायची, ती घ्यायची आणि ऐकायची.’

(‘सम गर्ल्स’ हा स्टोन्सचाच अल्बम.) या शेवटच्या वाक्याकडे मी शेवटी येतो. मला ते फार आवडलंय.

आधी पैसे. तीन घ्यायचं म्हणालो तो उतावळेपणा होता. यादी पुन्हा नीट वाचली. साधी सीडी, पुठ्ठ्याच्या पाकिटातली सीडी, सीडी आणि ब्लू-रेची पेटी, काळी एलपी, मग रंगीत एलप्या, लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवरच्या त्यांच्या स्वतःच्या दुकानासाठी वेगळी, आणि कहर म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या तीस संघांसाठी तीस वेगवेगळी कव्हरं. बेसबॉल! बँडचा गायक मिक जॅगर हा जन्माचा क्रिकेटवेडा माणूस. निदान एखादं कव्हर सरे किंवा मिडलसेक्स या इंग्लिश क्रिकेट संघांना द्यायचं होतं.

हे का करतात, त्यात गूढ काही नाही. बिलबोर्ड या अमेरिकन खपयादीच्या हिशोबात एक एलपी किंवा सीडी विकली की तो एक अल्बम. फोनवर ऐकणाऱ्यांची मात्र २०२३ मध्ये पैसे भरून ऐकलेली १,२५० गाणी जमली की एक अल्बम धरायचे, आणि जाहिराती सोसत फुकट ऐकलेली असतील तर ३,७५०. कॉलेजातली पोरं आवडत्या गायिकेचं एक गाणं रात्रभर वाजवत ठेवतात, त्यांच्या जिवावर ती वर चढते. स्टोन्सचा श्रोता पन्नाशी-साठीतला. तो गाणं दोनदा ऐकतो आणि रक्तदाबाची गोळी घेऊन झोपतो. त्याच्याकडून आकडा वाढवायचा तर त्यालाच दोन-तीन प्रती खपवायच्या, म्हणून रंग, म्हणून कव्हरं, म्हणून ‘मर्यादित’ हा शब्द. जपानमध्ये आणखी एक तऱ्हा आहे: तिथे देशी सीडीची किंमत बांधलेली असते आणि बाहेरून आलेली सीडी स्वस्त पडते, म्हणून जपानी आवृत्तीत एखादं जादा गाणं घालायची जुनी रीत आहे. मग जगभरचे वेडे ते एक गाणं मिळवायला जपानहून सीडी मागवतात. मीही एकेकाळी मागवल्यात. 

तेव्हा वीस कव्हरांबद्दल तुमच्याशी वाद नाही. रंगाने आवाजात काडीचा फरक पडत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून मी दुसऱ्याच एका बँडची लालभडक एलपी मागवली होती. ऐन मे महिना, पार्सल कुठल्यातरी गोदामात तापून निघालेलं. डोंबिवलीत घरी येऊन प्लेअरवर ठेवली तर एक बाजू तळणीतल्या पापडासारखी उचललेली. दर फेरीला सुई वर जायची, खाली यायची, आणि सूर तिच्याबरोबर हेलकावे खायचा. दुकानाला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘वाजतेय ना?’ वाजत होती, त्यामुळे पुढे बोलायला काही उरलं नाही. ती आता भिंतीवर आहे. लाल रंग छान दिसतो.

पण सगळ्या आवृत्त्या एका मापाने मोजू नका. ब्लू-रेवर डॉल्बी ॲटमॉसचं, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येईल असं, वेगळं मिश्रण आहे, ज्याच्या घरी तशी व्यवस्था असेल त्याला पेटीचे पैसे वसूल. माझ्याकडे स्पीकर दोन, त्यातला एक पडद्यामागे, म्हणून पेटी रद्द. आणि साध्या काळ्या एलपीबद्दल एक गोष्ट या म्हाताऱ्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. हल्ली अल्बम तासाभराहून लांब करतात. एलपीच्या एका बाजूला बावीस-चोवीस मिनिटांपुढे गेलात की खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. मग दोन तबकड्या, मग दुप्पट किंमत. ‘हॅकनी डायमंड्स’ साधारण ४८ मिनिटांचा आहे. एक तबकडी, दोन बाजू, संपलं. ज्यांना नुसतं लुटायचं असतं त्यांनी ही संधी सोडली नसती.

आणि वेष्टणाचा सोस या बँडला आज लागलेला नाही. १९६७ च्या ‘देअर सेटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट’च्या कव्हरवर हलवलं की हलणारं त्रिमिती चित्र चिकटवलं होतं. ते इतकं महाग पडलं की पुढच्या छपायांत काढून टाकलं. १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’वर चित्रकार अँडी वॉरहॉलच्या कल्पनेतून जीन्सच्या फोटोला खरीखुरी चेन लावली. गठ्ठे दुकानांकडे निघाले आणि कळलं, एका कव्हरची चेन शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतते आणि गाणं खराब होतं. तोडगा असा निघाला की पाठवण्याआधी प्रत्येक चेन अर्धी खाली ओढायची, म्हणजे तिचं टोक मधल्या लेबलवर दाबलं जाईल, जिथे खाचाच नसतात. प्रत्येक कव्हराची चेन कुणीतरी हाताने ओढत बसलं असेल, हे डोळ्यांसमोर आणा. आजच्या वीस रंगांत या एका चेनइतकी गंमत नाही, हे मात्र खरं.

आता चार्ली. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

७ एप्रिल २००३. ब्रेबॉर्न स्टेडियम. मी इतका मागे होतो की जॅगर म्हणजे पळणारी काडी दिसत होती. मित्राची दुर्बीण होती, ती आम्ही पाळीपाळीने वापरत होतो. माझी पाळी आली की मी चार्लीवर लावायचो. केवढासा त्याचा ड्रमसेट! आपल्याकडच्या कॉलेज बँडचाही याहून मोठा असतो. आणि त्याची ती सवय, जी रेकॉर्डवर ऐकू येते पण दिसल्याशिवाय कळत नाही: डाव्या हाताने स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, ठोका पडतो त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून, उचलला जातो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. हा एक जागा मोकळी सोडतो. त्या फटीतून स्टोन्सची चाल येते, ती जरा मागे रेललेली, आळसावलेली वाटते आणि तरी पाय थांबत नाहीत. दुर्बिणीतून मी तो उचलला जाणारा हात बघत बसलो. मित्राने शेवटी दुर्बीण हिसकावून घेतली.

हा माणूस २४ ऑगस्ट २०२१ ला गेला. त्या वर्षीच्या दौऱ्यावर आपल्या जागी स्टीव्ह जॉर्डनला घ्या, हे त्यानेच सुचवलं होतं. नव्या अल्बमवर बाकीची बहुतेक गाणी जॉर्डनने वाजवली आहेत, आणि चार्लीने आधी वाजवून ठेवलेली दोन, ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’. दुसऱ्यात तर तीस वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला बिल वायमन बेस वाजवायला परत आलाय, म्हणजे जुना ठेका एका गाण्यापुरता पुन्हा जुळला. हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी? मग काय करायचं होतं, त्या फिती कपाटात कुजू द्यायच्या? घरातला माणूस गेला म्हणून त्याने घातलेलं लोणचं आपण फेकून देतो का? उलट जपून वाढतो, आणि वाढताना सांगतो की हे त्यांच्या हातचं.

वयाचं थोडक्यात. जॅगर जुलै २०२३ मध्ये ऐंशीचा झाला, गिटारवाले कीथ रिचर्ड्स त्याच डिसेंबरात, आणि रॉनी वुड त्या वर्षी शहात्तरचा. तुम्ही सवाईचं नाव काढलंत म्हणून सांगतो, २००७ साली भीमसेनजी पंचाऐंशीव्या वर्षी तिथे गायला बसले तेव्हा मंडपात कुणी वय विचारलं नव्हतं. रॉकवाल्यांनीच तेवढं चाळिशीत निवृत्त व्हायचं, हा नियम कुणी केला?

फोनवर ऐकण्याबद्दल: ऐकतोच की. २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ आलं. खाली रस्त्यावर ढोल-ताशे, खिडक्यांच्या काचा थरथरतायत, आणि मी कानात बोंडं घालून हे सव्वासात मिनिटांचं गाणं ऐकतोय. लेडी गागा आणि जॅगर एकमेकांना वर वर चढवत नेतात, गाणं संपतं. मला वाटलं संपलं, कानातून काढायला हात गेला. तर स्टीव्ही वंडर पुन्हा हळूच सूर धरतो, गागा गुणगुणायला लागते आणि सगळं नव्याने उभं राहतं. हे मी त्या शंभर-सव्वाशेतच ऐकलं. त्या दिवशी एलपी असती तरी ढोलांपुढे तिचा काय पाड लागला असता?

मग एलपी घ्यायचीच कशाला? याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्या बँडच्या जन्मकथेत आहे. ऑक्टोबर १९६१. लंडनबाहेरच्या डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला प्राथमिक शाळेपासून ओळखीचा एक पोरगा दिसला. त्याच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या एलप्या होत्या. इंग्लंडात त्या सहज मिळत नसत. मिक जॅगर नावाचा तो विद्यार्थी शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहून टपालाने मागवायचा. त्या काळी विद्यार्थ्याला हे परवडणारं नसणार, आणि घरी कुणीतरी ‘रेडिओवर फुकट लागतं की’ असं म्हटलंही असेल. त्या तबकड्या काखेत दिसल्या म्हणून ते दोघे बोलायला लागले. बँडचं नाव मडी वॉटर्सच्या गाण्यावरून पडलं, आणि नव्या अल्बमचं शेवटचं, बारावं गाणं तेच आहे, साठ वर्षांनंतर. फोनमधलं गाणं काखेत दिसत नाही हो. १९९४ साली ‘व्हूडू लाउंज’ची कॅसेट घेऊन काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून बाहेर पडलो, तेव्हा ती हातात बघूनच एक मुलगा बोलायला लागला होता. ब्रेबॉर्नवरची दुर्बीण त्याचीच. ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं. आम्ही दोघे अजून भेटतो.

तर हिशोब असा: तीनातल्या दोन रद्द केल्या, साधी काळी एलपी ठेवली. सीमाशुल्क आणि कुरिअर धरून चारेक हजारांत बसेल. अठरा वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आलाय, मधला २०१६ चा होता तो जुन्या ब्लूज गाण्यांचा. वर्षाला दोनशे-सव्वादोनशे रुपये पडले. सवाईची तिकिटं वेगळी काढेन.

आणि आता तुमची ‘सम गर्ल्स’. तेव्हा एकच आवृत्ती असायची, असं तुम्ही लिहिलंत. तसं नाहीये. पहिल्या छपाईत कव्हरवरच्या टोपांच्या जाहिरातींमध्ये भोकं पाडली होती आणि आतल्या पाकिटावरचे ल्युसिल बॉल, रॅकेल वेल्च, मेरिलिन मन्रो या अमेरिकन नट्यांचे चेहरे त्यांतून डोकावायचे. परवानगी न घेता. कोर्टकचेरीच्या धमक्या आल्या आणि चेहरे काढून घाईघाईने दुसरं कव्हर छापावं लागलं. तुमच्या काकांनी नेमकी कुठली आणली? आतलं पाकीट सावकाश बाहेर काढा, भोकांचा कागद फाटका असतो. ल्युसिल बॉल दिसली तर फोटो पाठवा, आणि ती रेकॉर्ड कुणालाही ऐकायला देऊ नका. मलाही.