‘गहू इंग्रजांनी आणला’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘गहू इंग्रजांनी भारतात आणला, आधी आपण फक्त ज्वारी-बाजरी खायचो’ हा मेसेज परवा मीही दोन ग्रुपवर ढकलला. तो चुकीचा आहे.

गव्हाची शेती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या पट्ट्यात सुरू झाली. कळतं कसं? रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप सुटते, दाणे सांडतात. पेरलेल्या गव्हाची ओंबी मळणीपर्यंत धरून राहते. उत्खननातल्या जळक्या ओंब्यांच्या तुकड्यांवर हा फरक दिसतो: आपोआप सुटलेल्या जागी गुळगुळीत वण, झोडपून काढलेल्या जागी खरबरीत मोड.

बलुचिस्तानातल्या मेहरगढला किमान ७,००० वर्षांपूर्वी जव आणि गहू होते. आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ३,००० वर्षांपूर्वीचे जव भरपूर निघाले, थोडा गहूही.

गंमत म्हणजे ज्वारी आणि बाजरीच मूळच्या आफ्रिकेतल्या! बाहेरून आलेला गहू म्हणाल तर १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या जातीचं १८,००० टन बियाणं आलं, तेही स्वातंत्र्यानंतर.

भाकरी आवडत असेल तर खुशाल खा, मीही खातो. फक्त तो मेसेज ग्रुपवरून काढा आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.