‘आपल्याला फक्त नक्कल जमते’ म्हणणाऱ्यांनी आधी जेएल-२४ बघावं

केळीच्या भावासाठी काढलेल्या आमच्या यावलकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो: भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्केच खर्च करतो, कारण सरकार हात आखडतं. नवोन्मेषाच्या जागतिक यादीत आपण ८१वे. आणि आपल्याला फक्त नक्कल जमते. खाली अंगठ्यांची रांग.

०.६४ खरं आहे. २०२०-२१चा सरकारी आकडा तोच. चीन २.४च्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या घरात. यावर भांडण नाही.

८१वा क्रमांक २०१५चा. २०२५च्या यादीत भारत ३८वा आहे. दहा वर्षांचं शिळं कालवण, गरमसुद्धा न करता वाढलेलं.

सरकार हात आखडतं? सरकारने आणखी द्यावं, जरूर. पण आपल्या एकूण संशोधन-खर्चात खाजगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. चीन-कोरियात तीन चतुर्थांशाहून जास्त संशोधन कंपन्या करतात. खिशात हात घालायची पाळी कुणाची, ते यावरून ठरवा.

आता नक्कल. इथे मला राग येतो, कारण मेसेज टाकणाऱ्यांच्या घरी एकेकाळी जेएल-२४ भुईमुगाच्या शेंगा वाळत पडलेल्या असायच्या. ‘जेएल’ म्हणजे आपलं जळगाव. इथल्या तेलबिया संशोधन केंद्राने १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे भुईमुगाचं वाण दिलं. फुले प्रगती तेच. मूळ बियाणं परदेशी होतं, ईसी ९४९४३ या क्रमांकाचं. त्यातून निवड करून लवकर येणारी उपटी जात इथे उभी राहिली. पुढे ती आफ्रिकेत गेली: मलावीत ‘काकोमा’, झांबियात ‘लुएना’. बाहेरचं बियाणं घेतलं म्हणून ही नक्कल म्हणायची, तर जगातलं निम्मं शेतीसंशोधन नक्कलच ठरेल.

ठिबक बाहेरून आलं, केळीचं ग्रँड नैन हे वाणही. कबूल. आणि तक्रारच करायची तर तिथली करा. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, एकसारखी रोपं मैलोन्‌मैल लावली, आता मावा कीड हरण्या हा विषाणूरोग घेऊन येते आणि झाडं उपटून गाडण्यापलीकडे इलाज नाही. त्याला दाद न देणारी केळी शोधायला वर्षं लागतील, पैसाही. रोपं विकून मोठ्या झालेल्या कंपन्या त्यातला किती घालतात, हे ग्रुपवर अजून कुणी विचारलेलं नाही.