मानेत दोन सुया टोचल्या की थायरॉइड बाहेर?

थायरॉइडच्या ऑपरेशनबद्दलचा एक मेसेज सध्या फिरतोय, छोट्या रुग्णालयांना ‘मार्गदर्शन’ म्हणून लिहिलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संपूर्ण भूल हा बिल फुगवायचा उद्योग आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना वरवरचा आणि खोल असे दोन्ही ब्लॉक (नसा बधिर करणारी इंजेक्शनं) द्यायचे, प्रत्येक बाजूला २० मिली ०.५ टक्के बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध. एवढ्यात कितीही मोठा गलगंड निघतो, भूलतज्ज्ञ लागत नाही. रुग्ण बोलत असतो म्हणून आवाज जात नाही. थायरॉइडची पातळी आटोक्यात यायची वाट बघायला नको. रुग्ण फारच कण्हला तर थोडं केटामाइन हे गुंगीचं औषध, आणि संध्याकाळी घरी. ऑपरेशनची तारीख ठरलेल्या आमच्या काकूंनी हाच मेसेज पुढे पाठवून “मग मला श्वासाची नळी कशाला?” असं विचारलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

खरं आहे तेवढं मान्य करून टाकतो. वरवरचा सर्व्हायकल प्लेक्सस (मानेतल्या नसांचं जाळं) ब्लॉक ही चांगली गोष्ट आहे. मानेच्या बाजूच्या स्टर्नोमास्टॉइड स्नायूच्या मागच्या कडेला, मध्यावर, कातडीखाली सुई घालून वर-खाली पंख्यासारखं औषध सोडायचं. प्रत्येक बाजूला ०.२५ टक्क्याचं बुपिव्हाकेन १० मिली पुरतं. एका बाजूची छोटी गाठ, सडपातळ मान, शांत स्वभावाचा रुग्ण आणि हलक्या हाताचा सर्जन असेल, तर यावर ऑपरेशन होतं. मेसेजमध्ये कोखर यांचं नाव घेतलंय, तेही चुकीचं नाही. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालेला हा सर्जन कोकेन टोचून ऑपरेशनं करायचा. पण त्या काळी दुसरा पर्याय क्लोरोफॉर्म आणि ईथरचा होता, आणि श्वासनलिकेत नळी घालायची पद्धत रुळायची होती. आज हा दाखला देण्यात काय अर्थ आहे?

आता ‘दोन्ही बाजूंना खोल ब्लॉक’. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने तो ब्लॉक दिल्यावर रुग्णाच्या छातीकडे कधी बघितलं नसावं. खोल ब्लॉकमध्ये सुई मानेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या आडव्या टोकांपर्यंत जाते. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस तिसऱ्या ते पाचव्या मुळांतून निघते, त्यामुळे त्या बाजूचं श्वासपटल बहुतेक वेळा लुळं पडतं. एका बाजूचं पडलं तर धडधाकट माणूस निभावून नेतो. दोन्ही बाजूंचं एकदम पडलं तर पूर्ण शुद्धीत असलेला माणूस टेबलावर गुदमरतो, आणि मेसेजच्या हिशोबाने त्या खोलीत भूलतज्ज्ञ नाही, नळीही नाही. शेजारून व्हर्टिब्रल धमनी जाते. तिच्यात एक-दोन मिली गेलं तरी क्षणात झटके येतात. औषध मज्जारज्जूच्या आवरणात शिरलं तर श्वास थांबतो. एवढा धोका पत्करून मिळतं काय? थायरॉइडच्या ऑपरेशनपुरतं, वरवरच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ काहीच जास्त नाही.

डोसचा हिशोब तर शाळकरी पोरालाही जमेल. ०.५ टक्के म्हणजे मिलीला ५ मिलिग्रॅम. दोन बाजूंचे ४० मिली म्हणजे २०० मिलिग्रॅम. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला १००. सरळ दुप्पट! वर सर्जनने जखमेत लिग्नोकेन हे बधिर करणारं दुसरं औषध सोडलं तर तेही याच खात्यात मोजायचं, दोन्ही औषधांची विषबाधा एकमेकांत मिसळते. ओठांना मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, मग झटके, मग हृदय. उतारा म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण), किलोला १.५ मिली, म्हणजे ५० किलोला ७५ मिली एका दमात आणि नंतर मिनिटाला १२.५ मिली. ते कपाटात नसेल तर ब्लॉकच्या डोसबाबत दुप्पट कंजूष व्हा.

आवाजाचा मुद्दा गमतीचा आहे. रुग्णाला बोलतं ठेवल्याने आवाजाच्या नसेवर लक्ष राहतं, हे अर्धं खरं. पण खोल ब्लॉकचं किंवा ग्रंथीभोवती सोडलेलं औषध त्याच नसेला बधिर करू शकतं. मग बसलेला आवाज सर्जनच्या चिमट्याने बसला की औषधाने, हे कोण सांगणार? पहिला मुद्दाच दुसऱ्याचा गळा धरतो.

आणि ‘कितीही मोठा गलगंड’? ब्लॉकने कातडी आणि वरचे स्नायू बधिर होतात. ग्रंथी ओढली, वरचं टोक बांधायला घेतलं, श्वासनलिका हलली, की ती ओढ व्हेगस नसेच्या फांद्यांतून जाणवतेच. रुग्ण कण्हतो, मग गुंगीसाठी मिडाझोलाम, मग अजून थोडं, आणि गलगंडाने दबलेल्या श्वासनलिकेचा माणूस हिरव्या कापडाखाली घोरू लागतो. त्यात नाकाला ऑक्सिजन चालू आणि हातभर अंतरावर कॉटरी (रक्तस्राव थांबवायला जाळणारं विजेचं उपकरण), म्हणजे आगीचीही सोय. साधनं कमी असलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षं वाढलेले गलगंडच जास्त येतात, आणि ब्लॉकला सर्वांत नालायक तेच. आडवं झाल्यावर धाप लागते का हे विचारा, सीटी स्कॅन नसेल तर मानेचे समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढा. अशा रुग्णांना नळीच द्या, ६ किंवा ६.५ ची, आत तारेची गुंडाळी असलेली, दबलेल्या जागेच्या पलीकडे टोक जाईल अशी. त्यासाठी भुलीचं चकचकीत वर्कस्टेशन लागत नाही. ड्रॉ-ओव्हर व्हेपोरायझर (हवेतून भुलीची वाफ देणारं साधं यंत्र), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि वीज गेली तर भरलेला सिलिंडर, हाताने श्वास द्यायची अँबू बॅग, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी), घसा बघायचे चालू असलेले दोन लॅरिंगोस्कोप, सक्शन, पल्स ऑक्सिमीटर. भुलीला हॅलोथेन वापरत असाल तर जखमेत अ‍ॅड्रेनालिन हात राखून सोडा, हृदयाचे ठोके बिघडतात. ब्लॉक ठरवला तरी हे सगळं शेजारी हवंच, कारण मधेच ब्लॉक फसला तर उघड्या मानेवर नळी घालावी लागते. म्हणजे वाचलं काय?

केटामाइनने श्वास चालू राहतो, पण श्वासाची दबलेली वाट उघडी राहत नाही. लाळ वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो. थायरॉइड जास्त असलेल्या रुग्णाला ते देणं म्हणजे आगीत तेल. पातळी न उतरवता ऑपरेशन केलं तर थायरॉइडचं वादळ (ताप चढून नाडी बेफाम धावते ती जीवघेणी अवस्था) ब्लॉक बघून थांबत नाही. थायरॉइडची पातळी उतरवणारं कार्बिमाझोल काही आठवडे, प्रोप्रॅनोलॉलने नाडी ९० च्या खाली, आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) नव्हे तर टी-३, टी-४ ही थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं बघून तारीख. टीएसएच महिनोन्महिने दबलेलाच राहतो. ताप चढला तर पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन नको.

राहिलं ‘संध्याकाळी घरी’. ब्रिटनमधल्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने (अवघड श्वासमार्गावर काम करणारी संस्था) आणि थायरॉइड सर्जनांच्या संघटनेने २०२२ मध्ये फक्त ऑपरेशननंतर मानेत साचणाऱ्या रक्तावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मुळातून वाचाव्यात. मानेत रक्त साचलं की स्वरयंत्र सुजतं आणि नळी जाईनाशी होते. म्हणून गिळायला त्रास, सूज, बेचैनी, वाढलेला श्वास, घरघर यातलं काही दिसून श्वासाची वाट दबत असेल तर थिएटर मोकळं व्हायची वाट न बघता खाटेवरच: ड्रेसिंग काढा, टाके कापा, कातडी उघडा, स्नायू उघडे करा, गॉज भरा. ब्लॉकवर केलेल्या ऑपरेशनलाही हेच लागू. कात्री, ब्लेड, आर्टरी फोर्सेप्स आणि गॉजचा ट्रे पहिली रात्र रुग्णाच्या उशाशी हवा. कुलूपबंद कपाटात नको, किल्ली नेमकी जेवायला गेलेल्या सिस्टरकडे असते.